मिलिंद : प्रश्न विचारणाऱ्याचे नाव

अमरावतीहून नागपूरकडे निघाले की महामार्गालगत नांदगाव पेठ लागते. गावाशेजारी औद्योगिक वसाहत उभी राहिली, औष्णिक वीज प्रकल्प आला, कापडाचे कारखाने आले. २० सप्टेंबर २०२४ रोजी येथील 'पीएम मित्र' वस्त्रोद्योग पार्कची कोनशिलाही बसविण्यात आली. नोकरीच्या आशेने पंचक्रोशीतील तरुण अशा ठिकाणी अर्ज घेऊन जातात. त्या अर्जातील पहिला रकाना नावाचा असतो. वऱ्हाडातील अर्जांचा असा गठ्ठा उलगडला, तर त्यात एखादा तरी मिलिंद सापडण्याची शक्यता दांडगी.

हे नाव उच्चारायला सोपे, कानाला गोड आणि महाराष्ट्रभर परिचित आहे. बाळाच्या नावांच्या पुस्तकात पाहिले तर त्याचा अर्थ 'भुंगा' असा दिलेला असतो. परंतु ज्या असंख्य घरांतून गेल्या सत्तर वर्षांत हे नाव ठेवले गेले, त्यांच्या मनात भुंगा नव्हता. त्यांच्या मनात एक राजा होता. तोही भारतीय वंशाचा नव्हे, ग्रीक. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या यवन राजाचे नाव वऱ्हाडातील शेतमजुराच्या घरी पाळण्यात कसे आले, याची कथा केवळ शब्दव्युत्पत्तीची नाही.

नाव पाहून काय कळते?

महाराष्ट्रात एखाद्याची ओळख विचारताना 'आडनाव काय?' हा प्रश्न हमखास येतो. त्यामागे बहुधा जात जाणून घेण्याची इच्छा असते. वऱ्हाडात मात्र हा उपाय नेहमी चालत नाही. वानखडे, इंगळे यांसारखी आडनावे येथे निरनिराळ्या जातींत आणि बौद्धांतही आढळतात. आडनाव दगा देते, तेव्हा विचारणाऱ्याची नजर पहिल्या नावाकडे वळते. सिद्धार्थ, संघपाल, नागसेन, तक्षशिला, संघमित्रा अशी नावे ऐकली की अनेकांचा तर्क पुरा होतो. ज्या नावाने आई-बापांनी मुलाला अभिमान द्यावा म्हटले, तेच नाव दुसऱ्याच्या हाती जात ओळखण्याची खूण ठरते.

पूर्वीची परिस्थिती याहून कठोर होती. ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक असावे, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे मात्र निंदावाचक असावे, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. खेड्यांतील प्रत्येक नाव हा ग्रंथ पाहून ठेवले जात असे, असे अर्थातच नाही. दगडू, धोंडू, कचरू ही नावे सर्वच जातींत होती. मुले जगत नसली की दृष्ट लागू नये म्हणून आई-बाप मुद्दाम असे ओबडधोबड नाव ठेवीत. परंतु नाव काहीही असो, ते हाकारण्याची रीत जातीवर ठरत असे. अस्पृश्य मानलेल्या वस्तीतील पांढऱ्या केसांच्या वृद्धालाही गावातील पोराने 'राम्या', 'गोंद्या' म्हणून हाक मारावी आणि त्याने 'जी' म्हणून ओ द्यावी, हा रिवाज होता. नावाच्या शेवटचा तो 'या' मित्राच्या तोंडी लडिवाळ वाटतो. गावाच्या तोंडी तो पायरी दाखविणारा असे.

या पार्श्वभूमीवर वऱ्हाडात जागृती झाली. अंबादेवी मंदिराच्या प्रवेशाचा प्रश्न ऐरणीवर असताना नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. त्यानंतर काही आठवड्यांतच, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. पाणी आणि देऊळ यांचे हक्क मागितले जात होते. नावाचा हक्क कोणी वेगळा मागितला नव्हता. तो पुढे घराघरांत, गाजावाजा न होता घेतला गेला.

मेनांद्रोसचा मिलिंद

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात भारतीय उपखंडाच्या वायव्य भागावर मेनांद्रोस नावाचा ग्रीक राजा राज्य करीत होता. इंग्रजी पुस्तकांत तो 'मिनँडर' म्हणून भेटतो. त्याची राजधानी सागल म्हणजे आजच्या पाकिस्तानातील सियालकोट, असे सामान्यतः मानले जाते. ग्रीक भाषेत त्याच्या नावाचे दोन घटक आहेत : 'मेनो' म्हणजे टिकून राहणे आणि 'आनेर' म्हणजे पुरुष. ठामपणे उभा राहणारा पुरुष, असा त्याचा अर्थ होतो.

त्याची नाणी मोठ्या संख्येने सापडली आहेत. त्यांवर एका बाजूस ग्रीक मजकूर, तर दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीतील प्राकृत मजकूर असतो. प्राकृतात त्याला महाराज व त्राता म्हटले असून नावाचे रूप 'मेनंद्र' असे आहे. ही नाणी दूरवर पसरली होती. 'पेरिप्लस ऑफ दि एरिथ्रियन सी' या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरात मेनांद्रोसची जुनी नाणी चलनात असल्याचा उल्लेख आहे. म्हणजे त्याचे राज्य नसले, तरी त्याचे नाव नर्मदेच्या मुखापर्यंत येऊन पोचले होते.

'मेनंद्र'चे 'मिलिंद' पाली भाषेत झाले. हा बदल विचित्र वाटतो. पण मराठी माणसाला तो परका वाटण्याचे कारण नाही. एकाच शब्दात अनुनासिके जवळजवळ आली की त्यांतील एक 'न' बदलून 'ल' होण्याची प्रवृत्ती आपल्या भाषांत आहे. 'नवनीत'चे आपण 'लोणी' केले. 'निंब' मराठीत 'लिंब' झाला. 'मेनंद्र'मध्ये 'म', 'न' आणि अनुस्वार अशी तीन अनुनासिके लागून आली. मधल्या 'न'चा 'ल' झाला. शेवटच्या 'द्र'मधील 'र' गळून 'द' उरला, जसा 'चंद्र'चा 'चांद' झाला. आधीचे स्वरही बदलून इकार झाले आणि 'मिलिंद' हे रूप तयार झाले. थोडक्यात, ज्या नियमाने लोण्याला लोणी म्हटले जाते, त्याच जातीच्या नियमाने ग्रीक राजा मिलिंद झाला.

संस्कृतातील 'मिलिंद' म्हणजे भुंगा, हा शब्द काव्यातून मराठीत आला. ध्वनी तोच, कूळ वेगळे. नावांच्या पुस्तकांनी हा एकच अर्थ दिला आणि राजा बाजूस राहिला. त्यामुळे आपल्या नावाचा अर्थ 'भुंगा' असल्याचे वाचून शाळकरी मिलिंद गोंधळतो आणि घरी विचारतो, तेव्हा त्याला वेगळेच उत्तर मिळते.

पहिलाच प्रश्न नावाचा

राजाची कीर्ती ग्रीक इतिहासकारांपेक्षा 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथाने अधिक टिकविली. ग्रंथनामाचा अर्थ 'मिलिंदाचे प्रश्न'. वाद करण्यात कुशल असलेला हा राजा अनेक पंडितांना निरुत्तर करतो. आपल्या शंका फेडणारा कोणीच नाही, असे त्याला वाटू लागते आणि मग त्याची गाठ भिक्खू नागसेन यांच्याशी पडते, अशी ग्रंथाची मांडणी आहे. डॅनिश विद्वान व्हिल्हेल्म ट्रेंकनर यांनी १८८० मध्ये हा ग्रंथ संपादित करून छापला. टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांच्या इंग्रजी भाषांतराचा पहिला खंड १८९० मध्ये निघाला. तेव्हापासून आधुनिक वाचकांना तो सुलभ झाला.

या भेटीत राजा पहिला प्रश्न विचारतो तो नावाचा. भदंतांना कोणत्या नावाने ओळखतात, असे तो विचारतो. नागसेन उत्तर देतात, की मला नागसेन म्हणतात खरे. आई-बाप नागसेन, शूरसेन, वीरसेन, सिंहसेन अशी नावे ठेवतात. परंतु नाव ही केवळ व्यवहारासाठीची संज्ञा आहे. त्या नावामागे कायमचा, न बदलणारा असा कोणी 'नागसेन' सापडत नाही.

राजा चकित होतो. मग नागसेन केस आहेत काय, नखे आहेत काय, त्वचा आहे काय, असे तो एकामागून एक विचारीत जातो आणि प्रत्येक वेळी 'नाही' असेच उत्तर मिळते. शेवटी नागसेन त्यालाच प्रतिप्रश्न करतात : तुम्ही रथातून आलात ना, मग रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ काय? राजाला प्रत्येकास 'नाही' म्हणावे लागते. हे सारे भाग एकत्र आले म्हणजे त्या जुळणीला 'रथ' हे नाव मिळते, हे तो मान्य करतो. माणसाच्या नावाचेही तसेच आहे, हे त्याला उमगते. रथाचा हा दाखला बौद्ध तत्त्वज्ञानात फार प्रसिद्ध आहे.

या संवादातील आणखी एक प्रसंग महत्त्वाचा आहे. चर्चेला बसण्यापूर्वी नागसेन अट घालतात, की तुम्ही पंडित म्हणून बोलणार असाल तर बोलू, राजा म्हणून बोलणार असाल तर नाही. पंडितांच्या वादात कोणी हरतो, कोणी चूक कबूल करतो, पण कोणी रागावत नाही. राजे मात्र मत न पटणाऱ्याला शिक्षा करतात. मिलिंद ही अट स्वीकारतो. सत्ता बाजूला ठेवून बरोबरीच्या नात्याने प्रश्न विचारणारा आणि पटलेले उत्तर मान्य करणारा राजा, ही त्याची पाली परंपरेतील प्रतिमा आहे.

या ग्रंथाचे चिनी रूपांतर नागसेनाच्या नावाने ओळखले जाते. पाली परंपरेने मात्र ग्रंथाला उत्तर देणाऱ्याचे नाव न देता प्रश्न विचारणाऱ्याचे नाव दिले.

औरंगाबादेतून घराघरांत

डॉ. आंबेडकर यांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. संस्थेचे पहिले महाविद्यालय मुंबईत १९४६ मध्ये सुरू झाले. त्याला 'सिद्धार्थ' हे नाव मिळाले. दुसरे महाविद्यालय जून १९५० मध्ये औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. पुढे हे महाविद्यालय 'मिलिंद' आणि तो परिसर 'नागसेनवन' या नावाने प्रसिद्ध झाला. विद्यार्थी बसतात त्या इमारतीला प्रश्नकर्त्याचे नाव आणि तिला सावली देणाऱ्या परिसराला उत्तर देणाऱ्याचे, ही योजना ज्याने 'मिलिंदपञ्ह' वाचला आहे, त्याच्या सहज ध्यानात येते.

ज्यांना पिढ्यान्पिढ्या प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती, त्यांची मुले या महाविद्यालयात आली. मराठवाड्यातून आली, तशी विदर्भातूनही आली. वसतिगृहाच्या पत्त्यावर आई-बापांची पत्रे जाऊ लागली आणि 'मिलिंद' हा शब्द शिक्षणाशी जोडला गेला. ज्या घरात कोणी पाली ग्रंथ पाहिला नव्हता, त्या घरालाही मिलिंद म्हणजे बाबासाहेबांचे कॉलेज, एवढे ठाऊक झाले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षेचा सोहळा झाला. त्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये ब्राह्मणाकडून कोणताही विधी करवून घेणार नाही, अशीही एक प्रतिज्ञा होती. बारशावर तिचा थेट परिणाम झाला. जन्मनक्षत्रावरून अक्षर काढून नावरस नाव ठेवण्याची पद्धत या घरांपुरती संपली. नाव आता पंचांग ठरविणार नव्हते. ते आई-बापांनीच शोधायचे होते. मग बुद्धचरित्रातून गौतम, राहुल, आनंद, सुजाता, यशोधरा, आम्रपाली आले. अशोकाच्या घरातून महेंद्र आणि संघमित्रा आले. प्रज्ञा, करुणा, मैत्री या शिकवणुकीतील संज्ञा मुलींची नावे झाल्या. वैशाली, तक्षशिला, लुंबिनी ही गावे मुलींच्या रूपाने खेड्यांतून वावरू लागली. मिलिंद आणि नागसेन हे जोडनाव अनेक ठिकाणी सख्ख्या भावांना मिळाले. देवाचे नाव न घेताही मुलाला चांगले नाव ठेवता येते, हे या पिढीने दाखवून दिले.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात बौद्धांची संख्या ६५ लाखांहून अधिक होती. देशातील दर चार बौद्धांपैकी तीन या राज्यात राहतात, आणि अकोला, वाशीम, अमरावती या जिल्ह्यांतील त्यांचे प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा बरेच जास्त आहे. वऱ्हाडातील शाळांचे हजेरीपट या नावांनी भरून गेले, ते त्यामुळेच.

सीझर, पॉम्पे आणि इमानी

नावातून माणूसपण परत मिळविण्याची ही धडपड जगात एकटी नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे डॉ. म. ना. वानखडे यांच्यासारख्या अभ्यासकांनी मराठी लेखकांचे लक्ष वेधले आणि १९७२ मध्ये 'ब्लॅक पँथर'वरून 'दलित पँथर' हे नाव घेतले गेले. नामकरणाच्या बाबतीत मात्र या दोन समाजांची तुलना क्वचितच केली जाते.

आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांची मूळ नावे पुसली गेली. मालकांनी त्यांना स्वतःच्या मर्जीने नावे दिली. त्यांत सीझर, पॉम्पे, केटो अशी प्राचीन रोमन नावेही असत. मळ्यात राबणाऱ्या माणसाला सेनापतीचे नाव देणे, ही बहुधा थट्टाच होती. विसाव्या शतकात त्यांच्या वंशजांनी नावे बदलण्यास सुरुवात केली. मुष्टियोद्धा कॅशियस क्ले १९६४ मध्ये मुहम्मद अली झाला आणि आधीचे नाव गुलामीचे असल्याचे त्याने जगाला ऐकविले. १९६६ पासून साजऱ्या होऊ लागलेल्या 'क्वांझा' उत्सवातील सात तत्त्वांची नावे स्वाहिली भाषेतील आहेत. त्यांतील सातवे 'इमानी', म्हणजे श्रद्धा, हे मुलींचे आवडते नाव झाले. ॲलेक्स हेली यांच्या 'रूट्स' या पुस्तकावरील दूरचित्रवाणी मालिका १९७७ मध्ये दाखविली गेली, तेव्हा त्यातील 'किझी' या पात्राचे नाव अनेक नवजात मुलींना मिळाले. जी भाषा त्यांच्यापैकी बहुतेकांच्या पूर्वजांनी बोलली नसेल, तिच्यातून नाव निवडून त्यांनी हरवलेल्या घराशी नाते सांगितले.

तेथे रोमन नावे लादली गेली होती. येथे ग्रीक नाव निवडले गेले. महत्त्व नाव कोणत्या भाषेतून आले याला नाही, ते कोणी ठेवले याला आहे.

नावाची किंमत

अशा निवडीची किंमतही मोजावी लागते. मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी बोस्टन व शिकागो येथील नोकऱ्यांच्या जाहिरातींना सुमारे ५,००० अर्ज पाठविले. पात्रता सारखी, नावे तेवढी निराळी. 'एमिली' आणि 'ग्रेग' यांसारख्या नावांना 'लकिशा' आणि 'जमाल' यांच्यापेक्षा सुमारे ५० टक्के अधिक बोलावणी आली. हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

भारतातील अशा अभ्यासाशी वऱ्हाडचा संबंध आहे. डॉ. सुखदेव थोरात हे अमरावती जिल्ह्यातील महिमापूरचे आणि औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी. पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांनी पॉल ॲटवेल यांच्यासह वृत्तपत्रांतील खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठविले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठविले गेले होते. उच्चवर्णीय हिंदू आडनावाच्या अर्जदाराच्या संधीचे प्रमाण १ धरले, तर दलित आडनावाच्या अर्जदारासाठी ते ०.६७ आणि मुस्लिम नावाच्या अर्जदारासाठी ०.३३ भरले. अर्जदार प्रत्यक्ष समोर आलेला नव्हता. वाचले गेले होते ते फक्त नाव. मिलिंद महाविद्यालयात शिकलेल्या माणसाने नावालाच प्रश्न विचारावा, यात एक संगती आहे.

मिलिंद या नावाचे स्थान यात थोडे वेगळे आहे. ते कोणा एका समाजाचे राहिले नाही. मुंबईचे क्रिकेटपटू मिलिंद रेगे यांचा जन्म १९४९ सालचा; तेव्हा औरंगाबादचे महाविद्यालय सुरूही झाले नव्हते. अभिनेते मिलिंद सोमण १९६५ चे. दलित उद्योजकांची 'डिक्की' ही संघटना २००५ मध्ये स्थापन करणारे मिलिंद कांबळेही त्याच नावाचे. एका वाटेने भुंगा आला, दुसऱ्या वाटेने राजा आला आणि दोघे एकाच हजेरीपटावर शेजारी बसले. त्यामुळे केवळ मिलिंद एवढे ऐकून समोरच्याची जात सांगता येत नाही. ती जाणण्याची सवय असलेल्याला येथे पुढचा प्रश्न विचारावा लागतो, आणि तो विचारताना आपण काय विचारत आहोत, हे त्याचे त्यालाही कळते.

नाव ही नुसती संज्ञा आहे, तिच्यावरून माणसाचे सार ठरत नाही, हे नागसेनांनी राजाला सांगितले. राजाने ते समजून घेतले. अर्ज चाळणाऱ्या हातांना ते अजून समजायचे आहे. तोवर ज्याच्या नावाच्या रकान्यात 'मिलिंद' लिहिले आहे, त्याला एवढे ठाऊक असायला हरकत नाही, की त्याचे नाव ज्या ग्रंथातून आले, त्या ग्रंथातही पहिला प्रश्न 'नाव काय?' हाच होता. फरक इतकाच, की तेथे तो उत्तर ऐकून घेण्यासाठी विचारला गेला होता.